रंग आमचे, रेसिपी सगळ्यांची

आज बोलूया रक्तातल्या पेशी ओळखण्याबद्दल.

फ्लो सायटोमीटर या मशीनमध्ये पेशी एकेक करून लेसरसमोरून जातात. त्यांना आधीच चमकणाऱ्या रंगांच्या अँटीबॉडी चिकटवलेल्या असतात. कुठले रंग चमकले, त्यावरून पेशी कुठली ते कळतं.

घोळ कुठे होतो? एका रंगाचा उजेड दुसऱ्याच्या खात्यात सांडतो, आणि नसलेली पेशी ‘सापडते’! म्हणून रंगांचा जमणारा संच, म्हणजेच पॅनल, बसवायला महिने जातात. त्यात पेशंटचं मोजकं रक्तही खर्च होतं.

मग प्रत्येक लॅबने तेच पुन्हा का करायचं? २०१० पासून ‘सायटोमेट्री पार्ट ए’ हे जर्नल तपासलेली पॅनल ‘ओमिप’ नावाने छापतं. २०२० मधलं ओमिप-०६९ तर तब्बल ४० रंगांचं आहे!

यात नुसती यादी नसते. अँटीबॉडीचा कुठला क्लोन, किती प्रमाण, कुठलं मशीन, हे सगळं असतं.

पण कॉपी-पेस्ट नको हं! मशीन बदललं, लेसर बदलले, की पुन्हा तपासावंच लागतं. शेजारणीची रेसिपी आणली तरी मीठ आपण चाखूनच घालतो ना? तसंच हे.

भेटूया पुढच्या भागात!