झाशीतील मराठी घराणी आणि दप्तरातील पूर्वजशोध

झाशीच्या नगरकोटाच्या वेशींपैकी लक्ष्मी गेट ही वेस लक्ष्मी तलावाच्या आणि महालक्ष्मी मंदिराच्या वाटेवर आहे. तलावाकाठी गंगाधररावांची छत्री आहे. या परिसराशी निगडित असलेल्या मराठी घराण्यांचा इतिहास बहुधा मौखिक परंपरेने सांगितला जातो: मूळ पुरुष पेशव्यांच्या चाकरीत देशावरून किंवा कोकणातून आला आणि येथेच स्थायिक झाला. या परंपरेची पडताळणी करावयाची झाल्यास सर्वांत महत्त्वाचे साधन ठरते ते राजसेवेच्या नोंदींचे.

कोरियातील पूर्वजशोधाशी तुलना केल्यास या साधनाचे स्वरूप स्पष्ट होते. चोसन राजवटीत (१३९२ पासून) मुलकी अधिकाऱ्यांची निवड परीक्षेद्वारे होत असे. ही पद्धती १८९४ मध्ये रद्द झाली. उत्तीर्णांच्या याद्यांत उमेदवाराच्या नावासोबत पिता, पितामह, प्रपितामह आणि मातामह यांची नावे व कुळाचे मूळ स्थान नोंदविले जाई. त्यामुळे एका नोंदीतून अनेक पिढ्यांचा धागा हाती लागतो. मराठी राज्यात अशी परीक्षा नव्हती. चाकरी शिफारशीने, नात्याने वा वंशपरंपरेने मिळे. साहजिकच येथील पुरावा वंशाचा नसून वेतनाचा, नेमणुकीचा आणि इनामाचा आहे.

हा पुरावा प्रामुख्याने पुण्याच्या पेशवे दप्तरात आहे. रोजकीर्दीत दैनंदिन नोंदी आढळतात, तर प्रांत अजमासांतून प्रांतवार महसूल व खर्च कळतो. बहुतेक कागद मोडी लिपीत आहेत आणि कालनिर्देश शुहूर सनाचा आहे. उदाहरणार्थ, ‘सबैन मया व अलफ’ म्हणजे शुहूर ११७०. त्यात ५९९ मिळविल्यास इ. स. १७६९ येते. शुहूर वर्ष मृगापासून सुरू होत असल्याने त्या वर्षाचे अखेरचे महिने मात्र १७७० मध्ये पडतात.

दुसरी अडचण नावांची आहे. दप्तरात आडनाव क्वचितच येते; व्यक्ती स्वतःच्या व पित्याच्या नावाने ओळखली जाते. झाशीचे सुभेदार ‘नारो शंकर’ आणि ‘रघुनाथ हरि’ ही याचीच उदाहरणे होत. ‘नेवाळकर’ हे आडनाव शोधणाऱ्याच्या हाती फारसे लागणार नाही. ‘हरि’ हे पितृनाम धरल्यास रघुनाथ हरि आणि शिवराव भाऊ हे बंधू एकाच कुटुंबाचे म्हणून जुळतात. तथापि केवळ नामसाम्यावर नाते ठरविणे धोक्याचे आहे. हुद्दा, ठिकाण आणि साल यांचा मेळ बसणे आवश्यक असते.

१८१७ मध्ये पेशव्यांनी बुंदेलखंडावरील हक्क कंपनीस दिल्यानंतर शोधाची दिशा बदलते. पुढील पत्रव्यवहार कंपनी सरकारच्या परराष्ट्र खात्यात गेला. तो आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पाहावा लागतो. १८३५ मध्ये रामचंद्ररावांच्या निधनानंतर वारसाविषयी वाद उद्भवला आणि १८५३ मध्ये गंगाधररावांनी आनंदराव या मुलास दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले. दत्तकाच्या समर्थनार्थ तो मुलगा नेवाळकर कुळातीलच असल्याचे राणी लक्ष्मीबाईंच्या बाजूने मांडण्यात आले. १८५४ मध्ये दत्तक नामंजूर होऊन संस्थान खालसा झाले. वंशावळ हा येथे केवळ कौटुंबिक अभिमानाचा विषय नव्हता, तर राज्याचे भवितव्य तिच्याशी जोडलेले होते. म्हणूनच दाव्यासाठी तयार झालेली वंशावळ आणि कारकुनाने पगार वाटताना केलेली नोंद यांचे मूल्य समान मानता येत नाही. पहिलीमागे हेतू असतो. दुसरीस कोणाचे पूर्वज सिद्ध करावयाचे नसतात.

एप्रिल १८५८ मध्ये इंग्रजी फौजांनी शहर लुटले. त्या वेळी झाशीत असलेल्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथात या विध्वंसाचे वर्णन आहे. जेथे स्थानिक कागद उरले नाहीत, तेथे पुण्यास पाठविलेले हिशेब, दिल्लीतील पत्रव्यवहार आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या यांवरच भिस्त ठेवावी लागते. यांतील दोन स्वतंत्र साधने एकमेकांस दुजोरा देतील, तेव्हाच घरची आख्यायिका इतिहासाच्या पदवीस पोहोचते. शिवाय दप्तरात नोंद झाली ती वेतन वा इनाम घेणाऱ्या पुरुषांची. घरातील स्त्रिया आणि बिनहुद्द्याची माणसे त्यात अभावानेच भेटतात, याचे भान अभ्यासकाने सतत ठेवले पाहिजे.