जिभेवरचा जांभळा

जून लागला की बदलापुरात पाट्या भरून जांभळं विकायला येतात. पानाच्या द्रोणात मूठभर टपोरी फळं, वर मिठाची चिमूट. खाणाऱ्याची जीभच सगळं सांगून टाकते. बोटावरच्या डागावर लिंबू चोळलं तर तो लालसर होतो, साबण लागला की निळसर. अँथोसायनिन या रंगद्रव्याचा हा गुण. इथल्या जांभळाला भौगोलिक मानांकन आहे आणि जवळच जांभूळ नावाचं गावही आहे.

फळाइतकाच रसरशीत आहे तो त्याचा शब्द. मूळ संस्कृत ‘जंबु’. सम्राट अशोकाच्या लघुशिलालेखांत, म्हणजे सुमारे 2,250 वर्षांपूर्वी, आपल्या भूमीचं ‘जंबुदीप’ हे नाव कोरलेलं आहे. आज सुटा ‘जंबु’ कुणाच्या बोलण्यात नाही. पूजेचा संकल्प सांगताना ‘जंबुद्वीप’ तेवढं कानी पडतं. पण तोंडोतोंडी झिजत तो शब्द आपल्यापर्यंत आलाच. ‘लंब’चं ‘लांब’ झालं तसा इथेही पहिला स्वर लांबला. गुजरातीत ‘जांबु’ राहिलं, मराठीत ‘ब’चा ‘भ’ झाला. मोठ्याने म्हणून पाहा: जंबुद्वीपातला ‘ज’ जीवनातला, जांभळातला ‘ज’ जागेतला. शब्द मराठी मातीत रुजल्याची ही खूण.

फळाने पुढे रंगालाही नाव दिलं. शाळेतल्या ‘तानापिहिनिपाजा’तला शेवटचा ‘जा’ म्हणजे जांभळाच.

जुन्या इंग्रजीतही जांभळट-किरमिजी रंगाला ‘बसु’ असा शब्द होता. अभ्यासक त्याचं नातं छोट्या रसाळ फळाच्या नावाशी जोडतात. चौथ्या शतकात वुल्फिला या धर्मगुरूने बायबल इंग्रजीच्या नात्यातल्या गॉथिक भाषेत आणलं. त्यात द्राक्षाला ‘वीनाबासी’ म्हटलं आहे. डच भाषेत असं फळ ‘बेस’. इंग्रजीत ‘स’च्या जागी ‘र’ येऊन ‘बेरी’ झालं. फळ टिकलं, रंगाचा ‘बसु’ मात्र बोलण्यातून गेला. त्याची जागा घेतली ‘पर्पल’ने. तो शब्द लॅटिनमार्गे ग्रीकमधून आला. मुळात ते रंग देणाऱ्या समुद्री गोगलगायीचं नाव. आज ‘पर्पल’ म्हणताना ना फळ आठवतं, ना गोगलगाय.

आपला ‘जांभळा’ अजून झाडाला धरून आहे. रंगाचं नाव घेताच जिभेवर तुरटपणा येतो, तो झाडं उभी आहेत म्हणून. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात घरं वाढताहेत. एकेक जांभूळ तुटेल तसा हा शब्दही नुसता रंगाच्या डबीवर उरेल. म्हणून अंगणातलं झाड राखायचं. ते राहिलं, तर शब्दाला चव राहील.