केपाच्या बंदुकीवरची नक्षी

दिवाळीत पोरं पिस्तुलात टिकल्या घालून चाप ओढतात, घोडा टिकलीवर आपटतो आणि फट् होतं. केपाच्या बंदुकीचं सगळं तंत्र एवढंच. अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याने १८०७ साली आघाताने पेटणाऱ्या दारूचं पेटंट घेतलं. पुढे तांब्याची इवलीशी टोपी, म्हणजे केप, आली. तोडा विझायची आणि चकमकीखालची दारू भिजायची काळजी मिटली. १८७० च्या सुमारास काडतुसाने केपाला मागे सारलं. मधल्या पन्नासेक वर्षांत अमेरिकेत घडलेल्या कोरीव बंदुका-पिस्तुलांच्या शोधात आज जगभरचे संग्राहक असतात.

लखुजी जाधवरावांच्या वंशाची एक शाखा आमच्या माळेगाव बुद्रुकात नांदली. त्यांच्या गढीवर हत्यारं असणार हे ओघानेच आलं. पण खंडेनवमीला गावात कोयते, विळे, नांगराचे फाळसुद्धा पुजले जातात. आमच्याकडे आजोबांची परवान्याची ठासणीची बंदूक होती. घोड्याखालच्या लोखंडी पट्टीवर ईस्ट इंडिया कंपनीचा सिंह कोरलेला होता, मागच्या पायांवर उभा आणि पुढच्या पंजांत मुकुट धरलेला. नवमीच्या आदल्या दिवशी ती पट्टी चिंच आणि राखेने घासायचा मान माझा. पट्टी चांदीसारखी लखलखायची, मला शाबासकी मिळायची. तीन-चार वर्षांत सिंहाचं तोंड गेलं, मग मुकुट गेला. नक्षी किती उथळ असते, हे मला फार उशिरा कळलं.

अमेरिकन कारखानदार सॅम्युएल कोल्टच्या १८५१ च्या ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हरवरची नक्षी तर त्याहून नाजूक. सहा बारांच्या सिलिंडरभोवती एक आरमारी लढाई फिरते. टेक्सास आणि मेक्सिको यांची ही कॅम्पेचेची लढाई. १६ मे १८४३ ही तारीखही तिथेच कोरलेली. टेक्सासचं आरमार कोल्टचं जुनं गिऱ्हाईक होतं. हे चित्र नोटांचे ठसे कोरणाऱ्या वॉटरमन ऑर्म्सबीने पोलादी रुळावर कोरलं आणि त्या रुळाने दाबून ते हजारो सिलिंडरांवर उठवलं. कोल्टचा कारखाना १८५३ ते १८५६ लंडनमध्येही चालला. त्यामुळे १८५७ मध्ये गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला लागून ती लढाई हिंदुस्थानातही आली. आज संग्राहक भिंग लावून आधी पाहतात ते हेच, की सिलिंडरवर किती गलबतं शिल्लक आहेत.

हाताने कोरलेलं काम वेगळं. ते मुद्दाम सांगून, जादा पैसे मोजून करून घ्यावं लागे. १८५० च्या दशकात कोल्टकडचं उत्तम काम जर्मनीहून आलेल्या गुस्ताव यंगच्या देखरेखीखाली होई. वेलींची वळणं, त्यांच्यामागे बारीक ठिपक्यांची जमीन, घोड्यावर लांडग्याचं मुंडकं. १८५४ साली कोल्टने रशियाच्या झारला अशी पिस्तुलं नजर केली. सोन्याच्या कामाचं असं एक पिस्तूल न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. साध्या सैनिकाला मित्रांनी दिलेल्या पिस्तुलाच्या मुठीवरही कोणी कोणास दिलं ते कोरलेलं असे. आपल्याकडे रुखवताच्या तांब्यावर, घागरीवर नावं घालतात, त्याच जातीचं हे प्रेम. म्हणून मला ती पिस्तुलं परकी वाटत नाहीत.

किंमत आली की लबाडीही येते. जुन्या साध्या पिस्तुलावर नवी नक्षी कोरून ते विकणारे आहेत. पारख करायची तर कडा पाहाव्यात. कारखान्यात आधी कोरीव काम आणि मग निळी झिलई होत असे, त्यामुळे अस्सल रेघेच्या तळाशीही ती जुनी निळाई सापडू शकते. झिजलेल्या लोखंडावर नक्षी मात्र धारदार दिसली, तर हात आखडता घ्यावा.

कायद्याचंही भान हवं. अमेरिकेत १८९८ पर्यंतची बंदूक ‘अँटिक’ म्हणून बरीच मोकळी आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार सूट आहे ती दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या शस्त्रालाच. चालणाऱ्याला परवाना लागतो. शिवाय १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरची कलावस्तू पुरावस्तू ठरते, ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

पुण्यात ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, वाद्यं, हत्यारं जुन्या वाड्यांतून जमवली. आज तो संग्रह सरकारी संग्रहालय आहे. त्यांच्यासारखी नजर प्रत्येकाला नसेल, पण घासणी बाजूला ठेवणं प्रत्येकाला जमेल. ओलं हळदकुंकू लोखंडाला लावू नये, त्याने गंज धरतो. दस्त्याला गंध-फूल पुरे. मऊ फडक्याने तेलाचा हलका हात फिरवावा. अंधाऱ्या खोलीत बॅटरी आडवी धरली की पुसट अक्षरं सावलीने उठून येतात, तेव्हा फोटो काढून ठेवावा.

आजोबा गेल्यावर परवाना पुढे चालवला नाही, बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. त्या सिंहाचा एकही फोटो आमच्याकडे नाही.