पाळी थांबताना शरीरात काय घडते?

आईच्या पोटात पाच महिन्यांची झालेली मुलगी आपल्या उभ्या आयुष्यातला स्त्रीबीजांचा सर्वांत मोठा साठा बाळगून असते. तिच्या दोन इवल्याशा अंडाशयांत मिळून तेव्हा 60 ते 70 लाख अपरिपक्व बीजे असतात. तिथून पुढे हा साठा घटतच जातो. जन्माच्या वेळी 10 ते 20 लाख, पहिल्या पाळीच्या वेळी तीन-चार लाख. त्यांतली जेमतेम चारशे-पाचशे पक्व होऊन बाहेर पडतात, बाकीची अंडाशयातच विरून जातात. साठा हजाराच्या आसपास आला की पाळी कायमची थांबते. पन्नाशीजवळच्या या बदलाची तयारी अशी जन्माआधीच सुरू झालेली असते.

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. युरोप-अमेरिकेत तिचे सरासरी वय 51 आहे, भारतात 46-47. त्याआधीची काही वर्षे चढउतारांची असतात. पाळी मागेपुढे होते, कधी अंगावरून फार जाते, झोप मोडते, मन उगाच चिडचिडे होते. या काळात इस्ट्रोजेन हे संप्रेरक हळूहळू ओसरत नाही. ते कधी उसळते, कधी कोसळते. त्यामुळे एका दिवसाच्या रक्ततपासणीतून फारसे कळत नाही आणि 45 पुढच्या बहुतेक स्त्रियांत निदान लक्षणांवरूनच केले जाते. पाळी लांबली तरी या वर्षांत दिवस राहू शकतात, हेही ध्यानात ठेवायला हवे.

प्रजननक्षमता संपल्यावर दीर्घकाळ जगणे प्राणिसृष्टीत दुर्मीळ आहे. ऑर्का, बेलुगा, नार्व्हेल अशा मोजक्या दंतधारी देवमाशांत ते आढळते. युगांडातील न्गोगो इथल्या चिंपांझी माद्यांतही त्याचे पुरावे 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. सामन मासे कमी मिळतात त्या वर्षी ऑर्कांच्या वयस्क माद्या कळपाच्या पुढे राहून वाट दाखवतात, असे 2015 च्या अभ्यासात दिसले. टांझानियातील हाड्झा जमातीत कंदमुळे खणून नातवंडांना जगवणाऱ्या आज्या पाहून क्रिस्टन हॉक्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी मांडले की, अशा आज्यांमुळेच माणसाचे आयुष्य लांबले असावे. या मांडणीवर वाद आहेत. पण पाळी गेलेली बाई म्हणजे उतरणीला लागलेले शरीर, या समजाला तिने मोठा धक्का दिला.

रजोनिवृत्तीच्या काळातला सर्वांत ओळखीचा त्रास म्हणजे अंगातून निघणाऱ्या वाफा. छाती-मानेतून उष्णता चढते, चेहरा लाल होतो, दरदरून घाम फुटतो आणि काही मिनिटांत थंडी वाजते. याचे मूळ मेंदूत आहे. शरीराचे तापमान सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमसमध्ये काही चेतापेशी न्यूरोकायनिन बी नावाचे रसायन सोडतात आणि इस्ट्रोजेन त्यांना आवरून धरते. 1990 च्या सुमारास ॲरिझोना विद्यापीठातील नाओमी रान्स यांनी दिवंगत स्त्रियांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. रजोनिवृत्त स्त्रियांमध्ये नेमक्या याच पेशी फुगून मोठ्या झालेल्या दिसल्या. इस्ट्रोजेनचा लगाम सुटला की या पेशी अनावर होतात. मग तापमान अर्ध्या अंशाहूनही कमी वाढले, तरी शरीर उकाडा झाल्यासारखे घाम सोडते. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात असा त्रास सरासरी सात वर्षांहून जास्त टिकल्याचे आढळले.

यावर सर्वांत परिणामकारक उपचार अजूनही इस्ट्रोजेनच आहे. गर्भाशय असलेल्या स्त्रीला सोबत प्रोजेस्टेरॉन द्यावेच लागते, नाहीतर गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. या उपचाराची धास्ती पसरली ती जुलै 2002 मध्ये. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ने 16,608 स्त्रियांवरील चाचणी मुदतीआधी थांबवली. एकत्रित संप्रेरके घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनकर्करोगाचे आठ रुग्ण जास्त आढळले होते. जगभर लाखो स्त्रियांनी गोळ्या बंद केल्या. मात्र त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय 63 होते. पुढच्या विश्लेषणांतून चित्र स्पष्ट झाले: साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या, त्रास असलेल्या निरोगी स्त्रीला धोक्यापेक्षा फायदा जास्त होतो. त्वचेवर लावायच्या जेल किंवा पट्टीने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका गोळ्यांपेक्षा कमी राहतो. योनीचा कोरडेपणा, जळजळ, वारंवार होणारा लघवीचा जंतुसंसर्ग यांवर अल्प मात्रेचे स्थानिक मलम पुरते.

स्तनकर्करोग, गुठळ्या, पक्षाघात किंवा यकृताचा गंभीर आजार झालेल्यांना संप्रेरके सहसा देत नाहीत. त्यांच्यासाठी नैराश्यावरील काही औषधे अल्प मात्रेत, गॅबापेंटिन आणि विचार-वर्तन उपचारपद्धती उपयोगी पडतात. न्यूरोकायनिनचाच मार्ग अडवणारे फेझोलिनेटंट अमेरिकेत मे 2023 मध्ये मंजूर झाले. ते घेताना यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. पाळी गेल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत हाडे झपाट्याने झिजतात. म्हणून चालणे, वजन उचलण्याचे व्यायाम, ड जीवनसत्त्व आणि दूध, तीळ, नाचणीतले कॅल्शियम या गोष्टी कोणताही उपचार घेतला तरी लागतातच.

महाराष्ट्रात या विषयाची एक वेदनादायक बाजू आहे. 2019 मध्ये सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. खाडा पडला की मजुरी बुडते, वर मुकादम दंड लावतो. अशा जगण्यात पाळीचा त्रास एकदाचा मिटवून टाकावा असे वाटले, तर दोष त्या बाईचा नाही. पण नुसती पिशवी काढली तर अंडाशये बरीच वर्षे काम करत राहतात; अंडाशयेही काढली तर रजोनिवृत्ती एका दिवसात कोसळते, तीही तीव्र. तिशी-पस्तिशीत असे झाले की हाडे आणि हृदय दोन्ही लवकर धोक्यात येतात. म्हणूनच अशा स्त्रीला, दुसरी अडचण नसेल तर, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन देण्याची शिफारस आहे.

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डागही दिसला, तरी लगेच तपासून घ्यावे. एरवी दवाखान्यात जाताना शेवटच्या पाळीची तारीख, रात्री किती वेळा जाग येते आणि घरात कोणाला स्तनाचा कर्करोग झाला होता का, हे लिहून न्यावे. पिशवी काढलेल्या स्त्रीने शस्त्रक्रियेचा कागदही सोबत ठेवावा. अंडाशये आत आहेत की काढली, यावर तिचे पुढचे उपचार ठरतात आणि ते जाणून घेण्याचा तिला पूर्ण हक्क आहे.