बाजारातलं दुकान आणि मोबाईलवरचं दुकान

बेलापूरच्या बाजारात आपण गटाचा मसाला मांडला, की गिऱ्हाईक वास घेतं, भाव करतं, रोख देतं. खर्च गाडीभाड्याचा आणि मोडलेल्या दिवसाचा. ऑनलाइन विकला तर गिऱ्हाईक लांबचंही मिळतं. पण पॅकिंग, कुरिअर, कंपनीचं कमिशन, परत आलेला माल हे सगळं किमतीतूनच जातं. पैसेही उशिरा येतात.

एफएसएसएआय नोंदणी दोन्हीकडे लागते. राज्यातल्या राज्यात ऑनलाइन विकायला छोट्या विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक तेवढा घ्यावा लागतो.

म्हणून आम्ही म्हणतो, किलोमागे हातात काय उरतं, ते दोन्हीकडचं आधी वहीत मांडा. आणि पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही. मागितला तर फोन ठेवा!