घरच्या डीव्हीडीत आवाजाची काटकसर नको

गिरगाव, परळ, लालबागच्या घरांतल्या माळ्यांवर अजूनही व्हीएचएस कॅसेट सापडतात. कुणाच्या लग्नाची, कुणाच्या मुंजीची, कुणाच्या मंडळाच्या विसर्जन मिरवणुकीची. त्यांची घरीच डीव्हीडी करताना सगळे लक्ष चित्राकडे असते आणि आवाजाची सेटिंग सॉफ्टवेअरने दिली तशीच राहते. पण आज हयात नसलेल्या आजोबांचा बोलता आवाज फक्त त्याच कॅसेटवर असू शकतो. तो नीट उतरवायला फारशी जागाही लागत नाही.

पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात १४ मार्च १९३१ रोजी झळकला. पुढे रूढ झालेल्या ३५ मिलिमीटर फिल्मवर ध्वनीची पट्टी जेमतेम अडीच मिलिमीटरची असे. डिस्कचे गणितही असेच आहे.

बिटरेट म्हणजे एका सेकंदासाठी किती माहिती खर्च करायची तो दर. साध्या डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी. त्यात दोन तासांचे चित्रण बसवायचे, तर चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला सुमारे ५,२०० किलोबिट हाताशी येतात. आवाज न आकसता, म्हणजे पीसीएम स्वरूपात ठेवला, तर त्यातले १,५३६ किलोबिट तोच खातो आणि चित्र फिसकटते. डॉल्बी डिजिटल म्हणजे एसी-३ स्वरूपात मात्र दोन चॅनलसाठी २५६ किलोबिट पुरतात. हा वाटा अवघा पाच टक्के! तो आणखी निम्मा केला, तरी चित्रात फरक जाणवणार नाही. आवाजात मात्र जाणवू शकतो.

याचे कारण आपल्या कानात आहे. मोठ्या आवाजाच्या आड, त्याच्या जवळच्या स्वराचा लहान आवाज ऐकू येत नाही. आकसणारी सॉफ्टवेअर असे झाकलेले आवाज वगळतात. बिटरेट फार कमी केला, की झाकलेले नसलेलेही कापले जाते. पहिला फटका उंच पट्टीतल्या ध्वनींना बसतो. ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने तिथेच असतात. वय वाढते तसे याच पट्टीतले ऐकू येणे आधी कमी होते. म्हणून तरुणाला ठीक वाटणारी डिस्क आजीला पुटपुटल्यासारखी वाटते. ताशाची कडकड आणि टाळ्यांचा कडकडाट हेही आकसायला अवघड. कमी बिटरेटवर ताशाचा ठोका बोथट होतो आणि टाळ्या पाण्याच्या खळखळाटासारख्या ऐकू येतात.

मग निवड कशी करावी? चित्रण तासाभराचे असेल तर पीसीएम खुशाल ठेवा, जागा पुरते. दीड-दोन तासांसाठी एसी-३, २५६ किलोबिट. तीन तास कोंबायचेच असतील तर १९२. त्याखाली उतरू नये. त्याऐवजी दोन डिस्क कराव्यात. एमपी-३ हे डीव्हीडी-व्हिडिओच्या नियमांत बसत नाही. सीडीवरच्या आवाजाचे ४४.१ किलोहर्ट्झ डीव्हीडीसाठी ४८ करावे लागतात. जुन्या मोनो आवाजाचे ‘५.१ सराउंड’ करण्यात अर्थ नाही. नसलेली माहिती त्यातून निर्माण होत नाही.

डिस्क अमेरिकेतल्या मुलीकडे जाणार असेल, तर एमपी-२ आवाज टाळावा. तिथल्या प्लेअरवर तो वाजेलच असे नाही. एसी-३ आणि पीसीएम वाजतात. चित्रही पालऐवजी एनटीएससी पद्धतीचे लागते.

घरी लिहिलेल्या डिस्कमधला रंगद्रव्याचा थर ऊन आणि दमटपणाने खराब होतो, आणि मुंबईत दमटपणाला तोटा नाही. म्हणून कॅसेटवरून उतरवलेला मूळ आवाज न आकसता, वेव्ह फाइल म्हणून हार्ड डिस्कवर वेगळा ठेवा. तासाला सुमारे ७०० एमबी लागतात. आकसताना गाळलेला आवाज पुन्हा मिळत नाही, आणि कॅसेट दरवर्षी थोडी थोडी झिजतच असते.