घरच्या दोन कबरी

आई कबरीवरची माती हाताने सारखी करतेय. फावडं शेजारीच पडलंय, पण तिला ते नको आहे. या वर्षी दिवाळी उलटली तरी पाऊस हटला नाही आणि बाबांच्या कबरीचा उंचवटा मधोमध खचला. भाऊ वाडीतली दोन घमेली माती स्कूटरवर पुढे ठेवून घेऊन आलाय. आई एकेक ढेकूळ उचलते, बोटांनी फोडते, मुळं काढून टाकते. बी पेरायच्या आधी वाफा करताना ती हेच करते.

आज २ नोव्हेंबर २०२५, रविवार. ऑल सोल्स, सगळ्या मृतांच्या स्मरणाचा दिवस. एरवी रविवारच्या मिस्सेपुढे बरेचसे सण मागे सरतात, हा दिवस मात्र रविवारी आला तरी आपली जागा सोडत नाही. पाच वाजता इथेच, दफनभूमीच्या मधल्या मोकळ्या जागेत मिस्सा आहे. टेबलावर पांढरं कापड अंथरलंय, तरुण मुलं लाउडस्पीकरची वायर ओढताहेत. सगळ्या गावाचे हात कामात आहेत. कुणी क्रूसाला चुना लावतंय, कुणी गवत उपटतंय, कुणी बाटलीतलं पाणी ओतून फरशी घासतंय. वसईत, रेल्वेरुळ आणि समुद्र यांच्यामधल्या या हिरव्या पट्ट्यात, पापडीपासून आगाशीपर्यंत प्रत्येक चर्चच्या दफनभूमीत या घटकेला हेच चाललेलं असणार.

आमच्याकडे फुलांची ददात नाही. आम्ही फुलंच पिकवतो. सोनचाफा, जास्वंद, थोडी तगर. काल दिवसभर घरात बसायला जागा नव्हती. आज तुळशीचं लग्न, त्यातच पंढरपूरची कार्तिकी. दादरच्या फुलबाजारात अशा दिवशी मालाला उठाव असतो. जास्वंदीच्या कळ्या मिटलेल्या असतानाच काढायच्या, मोजून शेकड्याने बांधायच्या आणि पहाटेच्या गाडीने दादर गाठायचं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या देवापुढे त्या उमलतात. बाबांनी जन्मभर हेच केलं. गणपतीत तर ते दोन दोन रात्री झोपत नसत. कुणाच्या देवाला फुलं जातात हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. ताजी जायला हवीत, एवढंच ते बघायचे. आज पहाटे भाऊ गेला. निघण्याआधी आईने मोजलेल्या ढिगातून चाफ्याची एक परडी बाजूला काढली. भावाने पाहिलं, काही बोलला नाही.

तीच परडी आता बाबांच्या पायथ्याशी आहे. आई फुलांची ओळ लावते. डोक्याकडून पायाकडे, मग आडवी.

बाबा मार्चमध्ये गेले, उपवासकाळात. चर्चमध्ये फुलांची सजावट बंद असते, वेदी उघडीबोडकी असते, तेव्हा. आयुष्यभर चर्चला फुलं पुरवलेल्या माणसाच्या अंत्यविधीला वेदीवर फूल नव्हतं. मला ते लागलं होतं. आईला नाही. ती म्हणाली, त्यांनी पुष्कळ वाहिलीत. ईस्टर झालं आणि दुसऱ्याच दिवशी, २१ एप्रिलला, पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली. त्यांचा अंत्यविधी आई टीव्हीसमोर बसून शेवटपर्यंत पाहत राहिली. पोपना एकात एक अशा तीन पेट्यांमध्ये ठेवण्याचा रिवाज होता. या माणसाने आधीच सांगून ठेवलं होतं की एकच साधी लाकडी पेटी पुरे. ती पेटी पडद्यावर दिसली तेव्हा आई एवढंच म्हणाली, "यांच्यासारखीच आहे." त्या महिन्यात तिच्या तोंडून निघालेलं पहिलं धड वाक्य ते. पुढे ८ मे रोजी नवे पोप निवडले गेले, त्यांनी लिओ हे नाव घेतलं, आणि प्रार्थनेत त्यांचं नाव घ्यायची सवय होईपर्यंत आईच्या तोंडी फ्रान्सिसच येत राहिलं.

दुसरी कबर त्याच ओळीत, चार जागा सोडून. आत्याची. ती जुलैत गेली, भर पावसात. इकडे जमिनीत पाणी वरच असतं. पावसाळ्यात खड्डा खणला की तो भरतो. पंप लावून पाणी उपसलं, चौघांनी दोर धरले आणि प्रार्थना संपेपर्यंत तळाशी पुन्हा पाणी चकाकायला लागलं होतं. आत्याने लहानपणी लॅटिन गाणी पाठ केली होती. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ मध्ये संपली, हळूहळू सगळी उपासना मराठीत आली आणि आत्याने ती मराठीही तितक्याच गोडीने उचलली. पण आजारात ती जे गुणगुणायची ते लॅटिन असायचं. तिच्या सुनेला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी ती उशाशी बसून माना हलवायची.

आत्याचा मुलगा कुवेतला. त्याला मे महिन्यात मुलगा झाला. आत्याने नातू पहिल्यांदा पाहिला तो फोनच्या पडद्यावर, बोट लावून. बोट लागलं की चित्र मोठं व्हायचं, मग तिला नुसता कान दिसायचा किंवा नाक, आणि ती त्या नाकाशी बोलायची.

आणि आमच्या घरी सप्टेंबरात, मारियेच्या जन्माच्या सणाच्या आठवड्यात, बांद्र्याला जत्रा भरलेली असताना, भावाला मुलगी झाली. ती आता वहिनीच्या खांद्यावर लोकरीची टोपी घालून झोपली आहे. तिला बाबांच्या आईचं नाव ठेवलंय. लांबलचक, जुन्या वळणाचं नाव. वहिनीने मनात दुसरं ठरवलं होतं हे मला माहीत आहे. तिने ते बाजूला ठेवलं, कुणी न सांगता. असा मोठेपणा घरात कुणी मोजत नाही, म्हणून मी इथे लिहून ठेवते.

घंटा वाजते. लोक हात झटकून उभे राहतात. नवे, तरुण फादर मिस्सा सुरू करतात आणि तीनचारशे माणसं एका सुरात उत्तर देतात. खुर्च्या म्हाताऱ्यांना. बाकीचे आपापल्या माणसांच्या कबरीपाशीच उभे. म्हणजे रांगा आपोआप घराण्यांच्या झाल्या आहेत, गेलेले आणि असलेले मिळून. वेदीजवळ पास्काची मोठी मेणबत्ती जळतेय. ईस्टरच्या रात्री पेटवतात ती. मार्चमध्ये बाबांच्या पेटीजवळ गेल्या वर्षीची होती. जुलैत आत्याच्या पेटीजवळ ही होती. आणि ऑक्टोबरात बाळाच्या बाप्तिस्म्याला ज्योत घेतली ती हिच्यावरूनच. ती लहान मेणबत्ती भावाने धरली होती. मी गॉडमदर म्हणून शेजारी उभी होते.

त्या दिवशीचं सांगायला हवं. बाप्तिस्म्याच्या वेळी फादर आईवडिलांना प्रश्न विचारतात, तुमची श्रद्धा आहे का, असे एकामागून एक. वहिनीने उत्तरं दिली, मी दिली. भावाचे ओठ मिटलेले होते. मार्चमध्ये तो रोज रात्री इस्पितळाच्या पायऱ्यांवर बसून जपमाळ म्हणत होता, पहारेकरी हुसकावेपर्यंत. बाबांना पुरलं त्या संध्याकाळी त्याने ती जपमाळ आईच्या हातात दिली. "मी मागितलं होतं," एवढंच म्हणाला. तेव्हापासून तो रविवारी चर्चची फुलं पोचवतो, मागच्या दाराने देतो आणि वळतो. गावात हे लपत नाही. बाप्तिस्म्याला फादरांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. आईनेही कधी विषय काढला नाही. मेणबत्ती मात्र त्याने विझू दिली नाही. पंख्याचा वारा येत होता, तर तळवा आडवा धरून सगळा विधी उभा राहिला, मेण बोटांवर सांडेपर्यंत.

माझं मत विचाराल तर त्या दिवशी त्या वेदीजवळ सर्वांत खरं उत्तर त्याच हाताचं होतं. श्रद्धा म्हणजे मनातली खात्री असं मानणारे पुष्कळ आहेत. मी आमच्या घरात ती वेगळी पाहिली. बाबा देवाबद्दल क्वचितच बोलायचे. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ त्यांच्या उशाशी असायचं, पण ते रात्री एक पान वाचायचे आणि सकाळी त्याबद्दल अवाक्षर नाही. त्याच दिब्रिटोंच्या हाकेला ओ देऊन ते हरित वसईच्या मोर्चांना गेले होते, पाणी आणि झाडं वाचवायला. आमच्या वाडीतलं बावखल, गोड्या पाण्याचं तळं, त्यांनी बुजवू दिलं नाही. शेजारची बुजली. त्यांच्यावर इमारती उभ्या आहेत. दरवर्षी उन्हाळ्यात बाबा आत उतरून गाळ काढायचे. त्यांना विचारलं असतं, ही तुमची श्रद्धा का, तर ते म्हणाले असते, गाळ आहे, काढायला नको? या वर्षी मे महिन्यात भाऊ उतरला. एकटाच. कमरेइतक्या चिखलात, दुपार कलेपर्यंत.

मिस्सा चालू आहे आणि भाऊ कुठे आहे ते मी नजरेने शोधते. तो फाटकाबाहेर गेलेला नाही. कबरीच्या बाजूलाच उकिडवा बसलाय, ढासळलेल्या कडेला विटा लावतोय. फादरांचं प्रवचन छोटं आहे, आणि मला ते आवडतं. ते म्हणतात की हे ज्युबिली वर्ष आहे, आशेच्या यात्रेकरूंचं वर्ष, आणि आशा हसऱ्या चेहऱ्यानेच बाळगली पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. आई मान हलवते.

मग कबरींचा आशीर्वाद. फादर रांगेरांगेने निघतात, बरोबर पाण्याची बादली धरलेला एक मुलगा आणि धुपाटणं हलवणारा दुसरा. उजेड झपाट्याने ओसरतोय, मेणबत्त्या पेटताहेत, मेणाचा, धुपाचा आणि चाफ्याचा वास एकमेकांत मिसळलाय. आत्याच्या कबरीपाशी तिची सून फोन उंच धरून उभी आहे. ती बाळंतपणाला इकडे आली ती अजून इकडेच आहे. तिच्या कडेवरचा पोरगा पडद्यातल्या बापाकडे हात फेकतोय. कुवेतला आता साडेतीन झाले असतील. रविवार तिकडे कामाचा दिवस. आत्येभाऊ हेल्मेट घालूनच, कुठल्याशा जिन्याखाली उभा आहे. "मला वर दाखव, नाव दाखव," तो म्हणतो. ती फोन क्रूसाजवळ नेते. फादर पाणी शिंपडतात, काही थेंब फोनवर उडतात. तो हेल्मेट काढतो.

तेवढ्यात भिंतीपलीकडच्या गृहसंकुलात तुळशीच्या लग्नाचे फटाके सुरू होतात. पहिल्या माळेबरोबर आमची मुलगी दचकून जागी होते आणि असा टाहो फोडते की दोन रांगांमधली माणसं वळून बघतात. वहिनी तिला थोपटते, आई थोपटते, मी घेते. कुणाकडे ती राहत नाही. शेवटी भाऊ मातीने भरलेले हात पँटला पुसतो आणि तिला घेतो. फादर आमच्या ओळीत आलेले असतात. ते बाबांच्या कबरीवर पाणी शिंपडतात, प्रार्थना म्हणतात, मुलगी रडतेच आहे आणि लोकांचं ‘आमेन’ तिच्या आवाजात बुडून जातं. भाऊ ते म्हणाला की नाही, मला ऐकू आलेलं नाही.

गर्दी फाटकाकडे सरकू लागते. दफनभूमीची वही सांभाळणारे काका टेबलाशी बसलेत. त्यांच्याकडे एकच काम उरलंय, पण ते सोपं नाही. आत्येभावाला कुवेतहून ग्रॅनाइट लावायचं आहे, फोनवरून तो मापं विचारतोय. काका शांतपणे समजावतात की या ओळीत कायमचा दगड बसवता येत नाही. जागा कमी आहे. काही वर्षांनी कबर उघडतात, अस्थी काढून भिंतीतल्या कप्प्यात ठेवतात आणि जागा पुढच्या माणसाला देतात. बाबा आहेत तिथे त्यांच्याआधी गावातलंच कुणी होतं. फोन गप्प होतो. मग आत्येभाऊ विचारतो, तेव्हा घरचं कुणी हजर लागतं का?

"लागतं," काका म्हणतात. "एक नाव आणि नंबर लिहून ठेवतो आम्ही. उघडायच्या आधी कळवतो."

आई पुढे व्हायला जाते. भाऊ मुलीला एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतो आणि तिच्याआधी टेबलापाशी पोचतो.

"दोन्हींना माझं लिहा," तो म्हणतो. "बाबांनाही आणि आत्यालाही. मी येईन."

काका चष्मा सारखा करून वहीचं पान शोधतात. भाऊ नंबर सांगतो, फटाक्यांत तो ऐकू येत नाही, तो पुन्हा मोठ्याने सांगतो. आई पलीकडून ओरडते, "आणि खाली माझाही घ्या हो, याचा फोन पहाटे दादरला असतो, लागत नाही."